पेनीला आणायला

अमेरिकी सामोआतल्या आमानावे गावात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकला की रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पोरंटोरं घरात ओढली जातात, बसगाड्या जिथल्या तिथं थांबतात आणि घराघरांतून स्तोत्रं सुरू होतात. गावचे तरुण रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभे राहतात आणि कुणी चालताना दिसलाच तर त्याला तिथंच खाली बसवतात. नेमक्या त्या वेळी, डोंगराकडच्या खडीच्या रस्त्यावर, पालेपाला टायर ओढल्याचा आवाज यायचा.

आधी लांबून यायचा, मग घरामागच्या चढावरून. खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. कमरेला दोरी बांधून जड टायर चढावर नेणारा माणूस जसा श्वास घ्यायला थांबतो, तसा. पालेपाचे ओठ स्तोत्र म्हणत असायचे आणि कान चढावर असायचे. नवरा मालाकी शेजारी डोळे मिटून बसलेला असायचा. कितीतरी वर्षं तिनं त्याला विचारलं नाही. एकदा धीर करून विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं का हो?"

"काही नाही येत," तो म्हणाला. काय ऐकू येतं, हे मात्र त्यानं विचारलं नाही. त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

टायर पेनीचं होतं. पेनिआमिना, तिचा थोरला. शाळेत असल्यापासून तो रोज संध्याकाळी ट्रकचं जुनं टायर कमरेला बांधून चढ चढायचा. गावातली निम्मी पोरं हेच करत. अंगानं थोराड पोराला या बेटावरून बाहेर पडायचं तर सैन्यात जा, नाहीतर अमेरिकन फुटबॉल खेळ. नाहीच जमलं तर टूनाचा कारखाना आहेच. पालेपा त्या कारखान्यात मासे सोलायची. त्या कामाचा वास साबणानं जात नाही. रविवारी पांढरा पोशाख घालून, डोक्याला टोपी लावून ती देवळात बसायची तेव्हा हात मांडीखाली दाबून बसायची. पेनीनं ते लहानपणीच पाहिलं होतं. एकदा तो म्हणाला, "आई, मी गेलो ना, की तू हात वर काढून बसायचं." ती हसली होती.

तो गेला. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायच्या त्या खेळासाठी अमेरिकेतल्या एका कॉलेजनं त्याला नेलं. गव्हाचा सपाट मुलूख, थंडीत तळी गोठतात असा. फी कॉलेज भरायचं. राहणं, जेवण त्यांचंच. हातात मात्र काही द्यायचे नाहीत, आणि दुसऱ्या कुणाकडून घेऊही द्यायचे नाहीत. तसा तेव्हा नियमच होता. आणि हे सगळं एकेका वर्षाचं होतं. मैदानावर उभा असलास तर पुढचं वर्ष.

मालाकी बस चालवायचा. लाकडी बांध्याची, खिडक्यांना काचा नसलेली, मागं दोन मोठे स्पीकर लावलेली त्याची स्वतःची बस होती. बस डोंगराच्या वळणावर असतानाच आख्ख्या गावाला गाणं ऐकू यायचं. पेनी टीव्हीवर दिसायला लागल्यावर त्यानं बसच्या मागच्या बाजूला पोराचा नंबर रंगवून घेतला. चाळीस.

मग मालाकीची आई वारली. मयताला आमच्याकडे प्रत्येक घरानं द्यायचं असतं, चटया, डुकरं, खोकीच्या खोकी मासे, पाद्र्यांना पाकिटं. परदेशात असलेल्या मुलानं तर द्यायचंच. मालाकीनं फोन केला. "तुझ्याकडे नाही हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण लोक विचारतील. जमेल तेवढं पाठव."

पेनीनं पाठवलं. जमेल त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त पाठवलं. जमलेल्या लोकांत त्याचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं आणि मालाकी मान ताठ करून बसला. पोरानं सामन्यात घातलेले बूट आणि जर्सी तिथल्या एका हौशी माणसाला विकली होती, हे त्यांना नंतर कळलं, कॉलेजला कळलं तेव्हा. पेनीला कितीतरी सामने बाहेर बसवलं. कॉलेजच्या दुकानात चाळीस नंबरची जर्सी तेव्हाही टांगलेली होती आणि खपत होती. त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्या नाताळात पेनी घरी आला. आमच्याकडे घरची माणसं घरासमोरच पुरतात. आजीची समाधी अंगणात होती, पांढऱ्या फरशीची, गार. दुपारभर तो तिच्यावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसायचा. उजेड सहन होत नव्हता. संध्याकाळी प्रार्थनेत तो मध्येच थांबला. लहानपणापासून रोज म्हटलेले शब्द त्याला आठवेनात.

"डोकं दुखतं का रे?" पालेपानं विचारलं.

"झोप नाही झाली गं."

तिनं खोबरेल तेल घेऊन त्याचं डोकं चोळलं. कानामागं बोट लागलं तसा तो कळवळला, मग हसला. म्हणाला, "यंदा जागा परत मिळवायचीय आई. आता दुखण्याची भानगड नको."

तिनं ते ऐकलं आणि तेल चोळत राहिली.

वसंतातल्या सरावात, मैदानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळाजवळ तो पडला. टक्कर फार मोठी नव्हती म्हणे. त्याचा खोलीतला सोबती शवपेटीबरोबर आला होता, त्यानं मालाकीला सांगितलं. उठला, नळापर्यंत चालत गेला, आणि तिथं गुडघ्यावर बसला ते बसलाच.

शवपेटी कॉलेजनं पाठवली होती. गावानं इतकी चांगली पेटी कधी पाहिली नव्हती. मुख्य कोच आला होता. तो खरंच रडला. त्यांच्याकडे जेवला, सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि होनोलुलूच्या पुढच्या विमानानं गेला. आजीच्या शेजारी पेनीला ठेवलं, वर फरशी घातली. मालाकीनं बसमधले दोन्ही स्पीकर उतरवले. नंबर मात्र खरवडला नाही.

आणि टायरचा आवाज सुरू झाला.

मालाकीची म्हातारी आत्या, आकेनेसे, एवढी एकच बाई त्याबद्दल उघड बोलायची. झाडाच्या सालीचं कापड, सियापो, कुटायला बसायची तेव्हा ती पालेपाला म्हणायची, "त्याला तुम्ही इथं पुरलंत, पण तो तिथंच आहे. पडला तिथं. घरी यायला बघतोय आणि चढ काही संपत नाही त्याचा."

"मग काय करू आत्ते?"

"जाऊन आण. पडला त्या जागी कापड अंथरायचं. जे काही सरपटत, उडत येईल ते झटकायचं. पुन्हा आलं तर पुन्हा झटकायचं. तिसऱ्यांदा तेच आलं, की तो आपला. गुंडाळायचं आणि घेऊन यायचं. माझ्या बापानं समुद्रात गेलेल्या भावाला असंच आणलं होतं."

पाद्र्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी पालेपाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, हे काळोखाच्या काळातलं आहे. मुलगा देवाकडे आहे." पालेपानं मान डोलावली. तिला दोन्ही खरं वाटत होतं. पण जाणार कशी? इतक्या लांबचं तिकीट म्हणजे चेष्टा नव्हे. वर्षं गेली. आकेनेसेनं एक सियापो कुटून, तपकिरी रंगात रंगवून तिच्याकडे देऊन ठेवलं आणि पुढच्याच पावसाळ्यात ती गेली.

मग ती बातमी आली. कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे घेता येणार. आधी जाहिरातींचे, आणि थोड्याच दिवसांत कॉलेजंही देणार, असं सगळे बोलायला लागले. मालाकीच्या बसमध्ये एका सकाळी याच्यावरच खडाजंगी झाली.

"आता आपली पोरं गाड्या उडवणार," मागून एकजण म्हणाला.

"उडवू देत की. त्यांच्या डोक्यावर टीव्हीवाले कमावतात, कॉलेज कमावतं, कोचचा तर बंगलाच झाला. डोकं ज्याचं त्यालाच काही नको होय?"

"शिक्षण देतात ना फुकट?"

"तुझा मेहुणा गेला होता ना फुकट शिकायला? गुडघा घेऊन परत आला. काय शिकला, गुडघ्याला बर्फ कसा लावायचा ते?"

हशा झाला. एक म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "पैसे दिले की मग बोलायची सोय राहत नाही. विकत घेतलेलं डुक्कर कसंही कापा, विचारतं कोण?"

"आजी, अहो, डुक्कर काय म्हणता पोरांना? आणि आत्ता काय होतंय? आत्ता तर फुकटचं डुक्कर आहे."

पुन्हा हशा व्हायला लागला आणि मध्येच विरला. कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की बस कुणाची आहे. मालाकीनं आरशात पाहिलं नाही. घरी आल्यावर त्यानं हे पालेपाला सांगितलं आणि म्हणाला, "दिले असते तर निदान त्याला चोरून बूट विकावे लागले नसते. एवढंच मला कळतं. बाकी मला काही कळत नाही."

दोन वर्षांनी कॉलेजकडून फोन आला. जुन्या मैदानावर सरावाची मोठी नवी बंदिस्त इमारत झाली होती. तिच्या एका भिंतीवर पेनीचं नाव बसवायचं होतं. आईवडिलांनी यावं, खर्च सगळा आमचा.

"मी त्या जमिनीवर पाय ठेवणार नाही," मालाकी म्हणाला.

"मी जाते," पालेपा म्हणाली, आणि ट्रंकेतून सियापो काढायला उठली.

तिथं थंडी होती. झाडांना पानं नव्हती. फाटकाशी एक अवाढव्य फलक होता, त्याच्यावर एका सामोअन पोराचा चेहरा आणि खाली मोटारी विकणाऱ्या दुकानाचं नाव. तोच पोरगा तिला घ्यायला विमानतळावर आला होता. फालानिको त्याचं नाव. ताफुना गावचा, त्याची आई सेनेतिमा आणि पालेपा कारखान्यात एकाच रांगेत उभ्या राहिल्या होत्या. गाडीतून उतरताना त्यानं तिची पिशवी घेतली, वाकून तिच्या गालाला गाल लावला आणि "मावशी, जेवलात का" असं आपल्या भाषेत विचारलं, तेव्हा तिला एकदम रडू आलं.

समारंभ छोटा होता. नवा कोच बोलला, जुना निवृत्त झाला होता. पितळी पाटीवरचा पडदा बाजूला केला. टाळ्या झाल्या. कॉलेजची एक भली बाई तिच्या हाताला धरून होती. पालेपानं फालानिकोकरवी तिला विचारलं, "मला इथं थोडा वेळ बसू द्याल का? एकटीला."

बाई म्हणाली, "हवं तेवढं बसा. तीनला पोरं सरावाला येतात, तोवर." तिनं खुर्चीही आणवली.

माणसं गेल्यावर पालेपानं पाहिलं. एवढं मोठं छप्पर, उंचावर दिव्यांच्या रांगा, खाली हिरवंगार गवत. ती वाकली, हात लावला, आणि हात तसाच राहिला. गवत प्लास्टिकचं होतं. पात्यांच्या मुळाशी माती नव्हती, बारीक काळे दाणे होते.

"हे काय रे?"

"रबर आहे मावशी. जुनी टायरं दळून घालतात. पडलं तर लागू नये म्हणून."

तिनं चिमटीत ते दाणे घेतले आणि बराच वेळ बघत राहिली. फालानिकोला वाटलं तिला चक्कर येतेय. त्यानं खुर्ची पुढं केली.

"उत्तरेचा कोपरा कुठं? इथं कुठंतरी पाण्याचा नळ होता."

नळ अजून होता, भिंतीत घेतलेला. तिनं त्याच्यासमोर पिशवी उघडली आणि आकेनेसेचं सियापो पसरलं. प्लास्टिकच्या त्या हिरव्यावर ते तपकिरी कापड असं दिसत होतं, की जणू तेवढीच जमीन आहे. ती शेजारी मांडी घालून बसली. फालानिकोला तिनं सांगितलं नाही, पण त्यानं ओळखलं. त्याच्या आजोळी त्यानं ऐकलेलं होतं. तो खुर्चीत न बसता, दिव्यांकडे पाठ करून, तिच्यासमोर खाली बसला.

"मावशी, इथं किडामुंगी येत नाही हो. सगळं बंद आहे. औषधं मारतात."

"बघू."

ते बसून राहिले. गरम हवा सोडणारं यंत्र कुठंतरी घुमत होतं. काहीच येत नव्हतं. मग पालेपाच बोलली. "तुला देतात म्हणे आता."

"देतात. कॉलेज देतं, तो गाडीवालाही देतो. आईचं कारखान्यातलं काम सोडवलं मी. ताफुनात घर बांधतोय. सिमेंटचं."

"छान केलंस." तिनं ते मनापासून म्हटलं. सेनेतिमाचे हात आता देवळात मांडीवर उघडे असतील, असं तिच्या मनात आलं. "माझा पेनी बूट विकत होता."

"माहीत आहे. इथं सगळ्यांना माहीत आहे ते."

बोलताना त्यानं टोपी आणखी खाली ओढली. समारंभातही त्यानं टोपी काढली नव्हती, आणि विमानतळाच्या काचेतून ऊन आलं तेव्हा तो खांबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला होता. पालेपा त्याच्याकडे बघत राहिली.

"दिवे डोळ्यांत जातात का रे?"

"नाही."

"इकडे ये."

तो सरकला. तिनं हात पुढं करून कानामागं दाबलं. तो कळवळला. मग हसला.

"कधीपासून?"

त्यानं टोपी सारखी केली. "दुसऱ्या सामन्यापासून. रात्री शिट्टी ऐकू येते. बाकी काही नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टरला सांगितलं की बसवतात. बसलो की पुढचा करार गेला. पुढच्या वर्षी दुसरा कुणी येईल, माझ्यासारखे रांगेत उभे आहेत मावशी. घराचं छप्पर व्हायचंय अजून." मग घाईनं म्हणाला, "आणि आईला सांगू नका. तुम्हाला शपथ आहे."

"त्याच्याकडे काही नव्हतं म्हणून तो गप्प बसला," पालेपा हळूच म्हणाली. "तुझ्याकडे आहे, तर तूही गप्पच."

त्याला राग आला असावा, पण समोर थोरली बाई होती. तो खाली बघत राहिला. आणि खाली बघता बघता म्हणाला, "मावशी."

कापडाच्या काठावर एक माशी बसली होती. थंडीनं मरगळलेली, पंख नीट न उघडणारी एक साधी माशी. कुठल्या फटीतून, कुठल्या पिशवीतून आली होती कोण जाणे.

पालेपानं हात हलवून ती झटकली. माशी भेलकांडत उडाली, भिंतीवर बसली, आणि थोड्या वेळानं परत आली. या वेळी कापडाच्या मध्यापर्यंत चालत गेली. फालानिकोच्या तोंडून हसू फुटलं. "माशी?"

"मग काय देवमासा येणार होता?" पालेपा म्हणाली आणि तिनं पुन्हा झटकलं.

या वेळी माशी दिसेनाशी झाली. यंत्र घुमत होतं. दाराशी आवाज यायला लागले, सरावाची वेळ होत आली होती. एकेक करून दांडगी पोरं आत येत होती, तिला पाहून पावलं हळू करत होती, आणि लांबच थांबत होती. फालानिको आता हसत नव्हता. तो दोन्ही गुडघे जमिनीला टेकून कापडाकडे बघत होता.

माशी आली. सरळ आली, मध्यावर बसली आणि हलली नाही.

"आलास का रे," पालेपा म्हणाली. तिनं चारी कोपरे उचलले, कापड सैलसर गुंडाळलं आणि छातीशी धरलं. पोरांच्या रांगेतून ती बाहेर पडली तेव्हा त्यांतल्या काहींनी टोप्या काढल्या होत्या. फालानिको मागं राहिला. त्याला हेल्मेट चढवायचं होतं.

परतीच्या प्रवासात तिनं कापड मांडीवरून खाली ठेवलं नाही. पागो पागोच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं विचारलं, "काही खाण्याचं, झाडपाला, जिवंत काही?" ती म्हणाली, "मुलगा आहे." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं आणि पुढं जा म्हणून हात केला.

मालाकीनं पेनीच्या समाधीवरच्या फरशीची एक बाजू उचलून ठेवली होती. दोघांनी मिळून कापड आत ठेवलं, माती लोटली. शंख वाजला. ते घरात येऊन बसले, स्तोत्र म्हटलं आणि थांबले. रस्ता गप्प होता. शेजारच्या घरातली प्रार्थना संपली तरी तो गप्पच होता.

"आज नाही आला," मालाकी म्हणाला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पालेपानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं होतं आता शांत वाटेल. पण तिच्या बोटांना अजून ती जागा लागत होती, कानामागची, आणि ती पेनीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ताफुनाला गेली. सेनेतिमाचं घर रस्त्यावरून दिसत होतं. नव्या भिंती, अर्ध्यावर पत्रे, उरलेल्या खांबांतून वर आलेल्या लोखंडी सळ्या. सेनेतिमानं तिला पाहून हाक मारली, "ये गं. पोरानं सांगितलं तू तिकडे गेली होतीस म्हणून." तिनं गरम कोको आणला, पाव आणला, पोराची चौकशी केली, जाड झालाय का, थंडीत पुरेसं घालतो का. पालेपानं कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

सेनेतिमा ऐकत होती. मग म्हणाली, "तो म्हणाला नाही मला काही."

"म्हणणार नाही. मला शपथ घातलीय त्यानं."

"मग तू कशाला सांगतेस?"

पालेपा वरच्या अर्ध्या पत्र्यांकडे बघू लागली.

"तुझा गेला म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं," सेनेतिमा म्हणाली. "हे घर बघतेस ना? मी बावीस वर्षं मासे सोलले, त्यात याची एक भिंत झाली नसती. तू पाव खा आणि जा पालेपा."

पालेपा पाव खाऊन गेली. न खाता उठणं बरं दिसलं नसतं.

सेनेतिमानं त्याच संध्याकाळी थेट कोचला फोन लावला, हे पालेपाला पुष्कळ दिवसांनी कळलं. पोराची तपासणी झाली. डॉक्टरांनी त्याला पुन्हा मैदानात उतरायला कायमची मनाई केली. कॉलेजनं शिकणं चालू ठेव म्हटलं, पण तो राहिला नाही. ज्यासाठी गेलो तेच नाही तर कशाला, म्हणाला. फाटकावरच्या फलकावर दुसरा चेहरा आला. फालानिको घरी परत आला आणि बंदरावर टूनाच्या बोटी रिकाम्या करायला लागला. सेनेतिमा पुन्हा रांगेत उभी राहिली. घराच्या सळ्या गंजल्या.

लोक दोन्हीकडून बोलले. कुणी म्हणालं, बाईनं पोर वाचवलं. कुणी म्हणालं, स्वतःचं गेलं, दुसऱ्याचं सुखानं बघवलं नाही. त्याचं डोकं पुढं आणखी फुटलंच असतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं, पालेपासुद्धा नाही. प्रार्थनेच्या वेळी रस्ता शांत असायचा, आणि ती त्या शांततेत बसून हाच विचार करायची.

फालानिको तिच्याशी बोलत नसे. बाजारात समोर आला तर रस्ता ओलांडायचा. मालाकीची बस थांब्यावर आली की मागं सरकून पुढच्या बसची वाट बघायचा. ऊन नसतानाही त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा असायचा.

गेल्या महिन्यात एका दुपारी वादळाचा इशारा झाला आणि बाकीच्या बसगाड्या घरी गेल्या. मालाकीची शेवटची होती. बंदराच्या थांब्यावर फालानिको एकटाच भिजत उभा होता. त्यानं बस पाहिली, रस्त्याकडे पाहिलं आणि चढला. पालेपा पुढच्याच बाकावर होती. तो तिच्या जवळून मागं गेला आणि अगदी शेवटी बसला. ती सरळ समोर बघत राहिली. मागून त्याच्या खोकल्याचा आवाज आला, शेजाऱ्याशी चार शब्द बोलल्याचा आला. तेवढंच तिला हवं होतं, आणि तेवढं तिला पुरतही नव्हतं.

ताफुनाच्या फाट्यावर त्यानं खिडकीच्या लाकडावर टकटक केली. मालाकीनं बस थांबवली. उतरताना फालानिकोनं पैसे पुढं केले.

"राहू दे रे," मालाकी म्हणाला.

त्यानं ते स्टिअरिंगजवळच्या फळीवर ठेवले आणि उतरला. पाऊस आडवा येत होता. मालाकीनं गाडी सुरूच ठेवली, पण हलवली नाही. पोरगा रस्ता ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत दोघं नवराबायको त्याच्याकडे बघत बसले होते, आणि त्यानं वळून पाहिलं नाही.